मदत हवी आहे : युरीन कल्चरमध्ये सगळीकडे ‘आर’!

घोडबंदरवाला : आईच्या युरीन कल्चरचा (लघवीतला जंतू वाढवून त्याला कुठलं औषध लागू पडतं ते बघायची टेस्ट) रिपोर्ट आलाय. जवळजवळ प्रत्येक औषधापुढे आर, म्हणजे रेझिस्टंट, औषध लागू नाही. ती साध्या डोकेदुखीलाही गोळी घेत नाही, मग शरीर रेझिस्टंट झालंच कसं? डॉक्टर अ‍ॅडमिट करा म्हणतायत. लवकर सांगा.

मीनल_ऐरोली : जंतू कुठला? वय? ताप? शुगर? नुसत्या ‘आर’वरून काय कळणार!

घोडबंदरवाला : ई. कोलाय, ईएसबीएल पॉझिटिव्ह. वय ६८. थंडी वाजून ताप. शुगर आहे, पण कंट्रोलमध्ये.

काकासाहेब : जवाचं पाणी द्या. आमच्या हिला त्यानेच उतार पडला.

लॅबवाली_वाशी : काका, थंडी-ताप म्हणजे संसर्ग किडनीपर्यंत गेला असू शकतो. जवाच्या पाण्यावर थांबायची ही वेळ नाही.
घोडबंदरवाला, रेझिस्टंट जंतू होतो, शरीर नाही. ईएसबीएल म्हणजे सेफिक्झिम, सेफ्ट्रायाक्सोनसारखी औषधं फोडून टाकणारं एन्झाइम. त्याचा जीन बहुधा प्लाझमिडवर, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावर असतो आणि एक जंतू तो दुसऱ्याला देऊन टाकतो. असे जंतू आतड्यात गुपचूप राहतात. आधी कधी अ‍ॅडमिट होत्या का?

घोडबंदरवाला : गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पण गुडघ्याचा लघवीशी काय संबंध? आणि नायट्रोफ्युरँटॉइनपुढे एस (सेन्सिटिव्ह, म्हणजे लागू पडतं) आहे, मग गोळीवर का भागवत नाहीत? बिल फुगवायला?

लॅबवाली_वाशी : संबंध असू शकतो. ऑपरेशनला अँटिबायोटिक देतातच, त्यात साधे जंतू मरतात नि असले उरतात. कॅथेटर लावला असेल तर आणखी वाट मोकळी. ती गोळी मूत्राशयापुरती. किडनीत पुरेशी पोचत नाही. मेरोपेनेम (शिरेतून द्यायचं अँटिबायोटिक) एस आहे का बघा.

शंतनू_खारघर : अर्धवट कोर्स सोडणाऱ्यांमुळे हे झालंय. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५च्या नोबेल भाषणातच बजावलं होतं.

मीनल_ऐरोली : तो कमी डोसबद्दल बोलला होता. सर्दी व्हायरसची, तिला अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स घेतलात तरी नुकसानच. सेफिक्झिम २०१४पासून शेड्यूल एच१मध्ये (चिठ्ठीशिवाय विकायला मनाई असलेल्या औषधांच्या यादीत) आहे, तरी केमिस्ट चिठ्ठीशिवाय देतातच ना?

शंतनू_खारघर : म्हणून डॉक्टरला न विचारता मध्येच बंद करायचं?

मीनल_ऐरोली : असं कुठे म्हटलं मी?

काकासाहेब : कोंबड्यांना कोलिस्टिन (माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं अँटिबायोटिक) द्यायचे, २०१९मध्ये बंदी आली. मी तेव्हापासून गावठीच खातो. ठाण्यात चांगली कुठे मिळेल?

घोडबंदरवाला : मेरोपेनेम एस आहे. अ‍ॅडमिट करतोय. घरी लहान मुलगी आहे, तिला लागेल का?

लॅबवाली_वाशी : शेजारी बसल्याने नाही. हात साबणाने धुवा, टॉवेल वेगळा ठेवा. आणि गुडघ्याचं ड्यूटी डॉक्टरांना नक्की सांगा.