इटली, 9 रात्री, सोबत ज्येष्ठ नागरिक आणि शाकाहारी जेवण : आखणी तपासून हवी आहे

अनवाणी :
मे अखेरीस मुंबईहून इटलीला जायचं ठरतंय. आम्ही दोघं आणि आई-बाबा (68 आणि 72), असे चौघे. आईला गुडघेदुखी आहे, जिने फार नकोत. आई-बाबा शाकाहारी, अंडंही चालत नाही. हाताशी 9 रात्री. सध्याची आखणी अशी : रोम 2, नेपल्स 1, फ्लॉरेन्स 2, पिसा 1, व्हेनिस 1, मिलान 2. परतीचं विमान पुन्हा रोमहूनच, कारण ते तिकीट थोडं स्वस्त दिसतंय. हे झेपेल का? आधी काय बुक करायचं? आणि खाण्याचं कसं करावं?

खिडकीची_सीट :
झेपणार नाही. हॉटेल सकाळी दहा-अकराला सोडायला लावतात आणि पुढची खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही. म्हणजे प्रत्येक मुक्काम बदलताना अर्धा दिवस गेलाच, आणि तुम्ही पाचदा बदलताय. शिवाय शेवटी मिलानहून रोमला परत यायचं म्हणजे जलद गाडीनेही तीन तासांच्या वर, चौघांची तिकिटं वेगळी. विमानात वाचलेले पैसे तिथेच जिरतील. तिकीट शोधताना 'मल्टी-सिटी' निवडा : जाताना रोम, येताना व्हेनिस.

रोम 4, फ्लॉरेन्स 3, व्हेनिस 2. नेपल्स आणि मिलान या खेपेला सोडा. पिसा बघायचंच असेल तर फ्लॉरेन्सहून साध्या गाडीने तासाभरात होतं, तिथे राहायची गरज नाही.

खरी गंमत वारांची आहे. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडं आणि फुकट असतं, पण म्हणूनच त्या दिवशी तिकडे फिरकू नये. सेंट पीटर्स बॅसिलिकात बुधवारी सकाळी पोपच्या सभेमुळे साधारण दुपारपर्यंत जाता येत नाही. फ्लॉरेन्सचं उफिझी आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड हा पुतळा जिथे आहे ते अकादेमिया, ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद. म्हणून रोमला सोमवारी उतरा. मंगळवारी कलोसियम, बुधवारी पँथिऑन आणि बोर्गेझे कलादालन, गुरुवारी व्हॅटिकन. शुक्रवारी फ्लॉरेन्स (जलद गाडीने दीड तास), शनिवारी उफिझी, रविवारी जवळचं सिएना गाव, सोमवारी व्हेनिस, बुधवारी परत.

सिएनाला रेल्वेपेक्षा बस बरी. रेल्वे स्टेशन टेकडीच्या पायथ्याशी आहे, बस जुन्या गावाच्या जवळ सोडते. आईंच्या दृष्टीने हा फरक मोठा.

गवती_चहा :
वरच्या आखणीशी सहमत, फक्त एक खोच. इटलीत रेल्वेचे संप बरेचदा शुक्रवारी असतात. संप आधी जाहीर होतो, 'शोपेरो' (संप) हा शब्द लक्षात ठेवा आणि निघण्याच्या आठवड्यात तपासा. संपाच्या दिवशीही लांब पल्ल्याच्या काही गाड्या हमखास धावतात, त्यांची यादी रेल्वेच्या संकेतस्थळावर असते. कामाच्या दिवशी प्रादेशिक गाड्या सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 चालवाव्याच लागतात.

बुकिंगचा क्रम असा ठेवा :

व्हिसा सगळ्यात आधी. प्रवासाच्या 6 महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उन्हाळ्यासाठी अपॉइंटमेंटच मिळत नाही ही मुख्य अडचण. फी प्रौढांना 90 युरो, शिवाय व्हिसा अर्ज केंद्राचा सेवा आकार. विमा किमान 30,000 युरोंचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर 3 महिने वैध हवा आणि मागच्या 10 वर्षांत काढलेला हवा. अर्जात प्रत्येक रात्रीचा मुक्काम दाखवावा लागतो. त्यासाठी रद्द करता येणारीच हॉटेलं घ्या. रेल्वेची सर्वांत स्वस्त तिकिटं ना बदलता येतात, ना परत करता येतात, ती व्हिसा हातात आल्यावरच.

मग व्हॅटिकन (बुकिंग 60 दिवस आधी खुलं होतं) आणि कलोसियम (30 दिवस आधी). कलोसियमच्या तिकिटावर नाव असतं आणि दारात पासपोर्टशी ताडून बघतात, त्यामुळे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच टाका. तिथे लिफ्ट आहे. मात्र त्याच तिकिटातल्या फोरममध्ये (प्राचीन रोमच्या अवशेषांत) जमीन खडबडीत आहे, आईंनी थोडंच बघावं. बोर्गेझेला दोन-दोन तासांचे स्लॉट असतात, आयत्या वेळी मिळत नाही. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा घुमट विसरा : 463 पायऱ्या, लिफ्ट नाही.

2 जून तुमच्या तारखांत येत असेल तर तो प्रजासत्ताक दिन. रोमला कलोसियमजवळच्या रस्त्यावर संचलन असतं, सकाळी तो भाग बंद.

पायपीट :
काही सुट्या गोष्टी, पण पैसे याच खातात.

रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावरून शहरात येणारी लिओनार्दो एक्सप्रेस रेल्वे माणशी 14 युरो, म्हणजे चौघांचे 56. जुन्या तटबंदीच्या आतल्या हॉटेलपर्यंत टॅक्सीचं भाडं ठरलेलं आहे, सध्या 55. बॅगा आणि आई-बाबा असताना टॅक्सीच. पांढरी अधिकृत टॅक्सी रांगेतूनच घ्या, आत येऊन 'टॅक्सी, टॅक्सी' करणाऱ्यांकडून नको.

प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यायचा, मोबाइलवरचं असेल तर चेक-इन करायचं. तिकीट काढलंय पण शिक्का नाही, तर दंड होतो, आणि 'माहीत नव्हतं' चालत नाही. जलद गाड्यांना हे लागू नाही.

व्हेनिसला 'मेस्त्रे' आलं की उतरू नका, ते मुख्य भूमीवर आहे. शेवटचं स्टेशन सांता लुचिया. हॉटेल निवडताना दर बघण्याआधी नकाशा बघा : वापोरेत्तोच्या (जलबसच्या) थांब्यापासून हॉटेलपर्यंत एकही पूल नको. पुलांना पायऱ्या असतात आणि बॅग उचलूनच न्यावी लागते. वापोरेत्तोचं एक तिकीट 9.50 युरो, 75 मिनिटं. दोन दिवसांत चार-पाचदा चढणार असाल तर 48 तासांचा पास घ्या. 2024 पासून ठरावीक दिवशी प्रवेश शुल्क असतं. शहरात मुक्काम असेल तर माफ, पण माफीचा क्यूआर आधी ऑनलाइन काढावा लागतो.

आणि प्रत्येक हॉटेलला लिफ्ट आहे का ते लेखी विचारा. जुन्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावर 'बी अँड बी' असतं, लिफ्ट नसते.

अनवाणी :
परतीचं तिकीट व्हेनिसहून घेतो, पटलं. खाण्याचं कुणी सांगेल का?

गवती_चहा :
ताजा पास्ता बहुधा अंड्याचा, सुका पास्ता नुसत्या गव्हाच्या रव्याचा. 'सेन्झा उओवा' म्हणजे अंडं नको. रिझोत्तो (भाताचा प्रकार) आणि मिनेस्त्रोने (भाज्यांचं सूप) शाकाहारी दिसतात, पण त्यात मांसाचा रस्सा असू शकतो, विचारून घ्या. पार्मेजानो चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध साकळवणारं द्रव्य) असतं, आई-बाबांना चालत नसेल तर आधीच सांगा. निर्धास्त खाता येईल असा पिझ्झा मारिनारा : टोमॅटो, लसूण, ओरेगानो, चीज नाही. जेवणघरं दुपारी तीनला बंद होतात ती सातनंतरच उघडतात. बिलात 'कोपेर्तो' दिसेल, तो माणशी बसण्याचा आकार, फसवणूक नव्हे.

फ्लॉरेन्सच्या 3 रात्री स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. भाजणी, मेतकूट, मूगडाळ न्या, खुशाल. तूप, पेढे, बर्फी मात्र नाही, दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. आणि मे महिना आहे म्हणून सांगतो, हापूसही नाही : ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. केळी चालतात.