दोन बागा आणि कालव्याची वाट जोडायची आहे: रस्त्याकडेच्या सायकलमार्गाबद्दल सल्ला हवा

दुसरा_गिअर
नमस्कार मंडळी. आमच्या रहिवासी समितीनं एक काम माझ्या गळ्यात घातलंय (मीटिंगला उशिरा पोचलं की असं होतं). दोन बागा आहेत आणि त्यांच्यामध्ये २.८ किलोमीटरचा सरळ रस्ता. दुसऱ्या बागेच्या मागच्या फाटकातून कालव्याकाठची मातीची वाट सुरू होते. तिथं पळणारे, सायकलवाले, कुत्री फिरवणारे सगळे असतात. बागांमध्येही सायकल चालवता येते. मधल्या रस्त्यावर मात्र मुलांना एकटं सोडायची कुणाची छाती होत नाही.

रस्त्याच्या एका बाजूला दुकानं आणि घरं. दुसऱ्या बाजूला झाकलेला नाला आणि झाडांची मोकळी पट्टी. दोन्ही टोकांना चौक, आणि बागेत शिरायचं तर चौक ओलांडावाच लागतो.

पट्टीवर दुहेरी मार्ग करावा, दोन्ही बाजूंना एकेरी करावा, की नुसता रंगाचा पट्टा मारावा? बजेट इतकंच, की नवा पक्का मार्ग केला तर जेमतेम ७०० मीटर होईल. पूल, भुयारी मार्ग आणि रोषणाई कृपया सुचवू नये.

जाड_टायर
दादा, मार्ग लागतोच कशाला? मी गेल्या वर्षी जाड टायरची सायकल घेतली, आता खड्डा, खडी, चिखल काही बघत नाही. हवा थोडी कमी ठेवायची, गादीवर बसल्यासारखं वाटतं. समितीला सांगा, सगळ्यांनी तीच घ्या. मार्ग बांधण्यापेक्षा स्वस्त पडेल.

दुसरा_गिअर
मी ताई आहे :) आणि आठ वर्षांच्या मुलीला जाड टायर दिला तरी मागून येणारा ट्रक तोच असतो.

निवृत्त_रोलर
रस्त्यांच्या कामात हयात गेली, म्हणून चार गोष्टी सांगतो. दुहेरी मार्ग करायचा तर ३ मीटर रुंदी हवी. फारच अडचण असेल तिथं थोड्या अंतरापुरती २.४, त्याखाली जाऊ नका. मार्ग आणि रस्ता यांच्यात दीड मीटर जागा सोडा, नाहीतर मध्ये कठडा घाला. मार्गाच्या दोन्ही कडांना ६० सेंटीमीटर मोकळं ठेवा, खांब नको, झुडूप नको. हँडल तिथंच अडकतं. आडवा उतार १ ते २ टक्के, म्हणजे पाणी निघून जातं आणि सायकल कलतही नाही.

पेव्हर ब्लॉक अजिबात नको. वर्षभरात एकेक ब्लॉक दातासारखा हलायला लागतो. डांबर किंवा काँक्रीट घ्या. काँक्रीट असेल तर सांधे करवतीनं कापून घ्या, थापीनं ओढलेल्या सांध्यांवर चाक टकटक करतं.

आणि चौकात खरं तर भुयारी मार्गच योग्य.

दुसरा_गिअर
काका, बाकी सगळं वहीत उतरवलं. भुयारी मार्गावर काट मारली.

पंक्चर_पुराण
रुंदीबिंदी नंतर बघा, आधी गटाराच्या जाळ्या बघा!! माझं पुढचं चाक जाळीच्या फटीत गेलं. पट्ट्या रस्त्याच्या दिशेनं लांब होत्या, टायर बारीक, चाक सुरीसारखं आत. सायकल जागच्या जागी थांबली, मी थांबलो नाही. गळ्याजवळचं हाड मोडलं. सहा आठवडे शर्टाची बटणं दुसऱ्याकडून लावून घेतली.

जाळीच्या पट्ट्या चाकाला आडव्या हव्यात. जाळी चौकोनी असेल तर उचलून फिरवून बसवता येते, फुकटातलं काम. लांबट असेल तर वरून आडव्या पट्ट्या वेल्ड करून घ्या.

हेल्मेट_घाला_हो
हेल्मेट घातलं होतं का?

पंक्चर_पुराण
हाड गळ्याजवळचं होतं. हेल्मेट काय गळ्यात बांधायचं होतं?

फिरस्ता_डायनॅमो
नेदरलँड्समध्ये रोजच्या सायकलीला सहसा कुणी हेल्मेट घालत नाही.

हेल्मेट_घाला_हो
तिथले रस्ते तसे आहेत म्हणून. ते काही आभाळातून पडले नाहीत. १९७१ मध्ये त्या एवढ्याशा देशात रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसं गेली, त्यात ४०० च्या वर लहान मुलं. आयाबाप रस्त्यावर उतरले तेव्हा धोरण बदललं. तोपर्यंत तरी डोकं झाका.

दुसरा_गिअर
हेल्मेटचा वेगळा धागा काढाल का? मीही येते तिथं भांडायला.

उजवं_वळण
निवृत्त_रोलर यांच्याशी असहमत. एका बाजूला दुहेरी मार्ग हा रस्त्याकडेच्या मार्गातला सगळ्यात फसवा प्रकार. कागदावर झकास दिसतो. अडचण गेटापाशी येते. गाडी गेटातून बाहेर काढताना माणूस ज्या बाजूनं गाड्या येतात तिकडे बघतो, रस्ता मोकळा दिसला की पाय सोडतो. उलट्या दिशेनं येणारी सायकल त्याच्या हिशेबातच नसते. फिनलंडमधल्या संशोधकांनी १९९६ साली वळणाऱ्या ड्रायव्हरांच्या नजरेचा अभ्यास केला, त्यात हेच दिसलं. कोपनहेगनमध्ये म्हणूनच सहसा दोन्ही बाजूंना एकेरी मार्ग असतात.

मला स्वतःला असंच उडवलंय. चालवणारा शपथेवर सांगत होता, "मी बघितलं होतं." बघितलं होतं त्यानं, दुसरीकडे.

निवृत्त_रोलर
पुस्तकी बोलू नका. दोन्ही बाजूंना मार्ग म्हणजे दुप्पट भराव, दुप्पट कर्ब, म्हणजे कडेचे उंच दगड. आणि दुकानांच्या बाजूला गाड्या उभ्या असतात. दार उघडलं की सायकलवाला दारावर.

उजवं_वळण
उभ्या गाड्या आणि मार्ग यांच्यात ९० सेंटीमीटर सोडा, दाराचा प्रश्न सुटतो. पुस्तकातच आहे ते, काका.

रविवार_स्वार
दुहेरी असेल तर किमान ३ मीटर रुंदी हवी हे नक्की लक्षात ठेवा.

निवृत्त_रोलर
मी काय वेगळं सांगितलं?

उजवं_वळण
ताई, भांडण राहू दे, एक करा. चालत जा आणि दोन्ही बाजूंची गेटं मोजा. दुकानाची, घराची, गल्लीची, सगळी तोंडं. खडूनं खुणा करत जा, नाहीतर येताना आकडा बदलतो. नाल्याच्या बाजूला गेटं अगदीच थोडी निघाली तर मी माझे शब्द मागे घेईन.

शटर_अर्धवट
या रस्त्यावरचा नाही, पण दुकानदार आहे. आमच्या दारात असा पट्टा मारला. चार दिवस सायकली, पाचव्या दिवशी टेम्पो. आता पट्टा म्हणजे टेम्पोचा राखीव तळ. गिऱ्हाईक गाडी लावणार कुठं, हे कुणीच विचारत नाही.

जाड_टायर
+१. नुसता रंग म्हणजे पार्किंगचं आमंत्रण.

मागची_सीट
मी मुलाला मागच्या सीटवर बसवून रोज ये-जा करते. मार्गाच्या तोंडाशी मधोमध लोखंडी खांब रोवू नका. गाड्या शिरू नयेत म्हणून रोवतात, पण संध्याकाळी पुढची सायकल बाजूला झाली की खांब एकदम समोर येतो. माझं हँडल घासून गेलं, मुलाचा गुडघा वाचला तो चार बोटांनी. शिवाय व्हीलचेअर, मालाची सायकल, जोडगाडी यांचं काय? खांब टाळून तोंडाशीच मार्ग दोन फाट्यांत विभागला, मध्ये बुटकी झुडपं लावली, तर गाडीवाला आपोआप बिचकतो.

आणि चौकात दुभाजकावर थांबायला जागा द्या. साधी सायकलच जवळजवळ १.८ मीटर लांब. दीड मीटरच्या दुभाजकावर मी उभी राहते तेव्हा मागचं चाक, म्हणजे माझं मूल, रस्त्यात असतं.

नकाशा_घडी
उशिरा आलो. मला या प्रश्नातला "जोडणं" हा भाग आवडला, त्यावर कुणीच बोलत नाहीये. बाग ते बाग ही कल्पना जुनी आहे. ब्रुकलिनमधल्या ओशन पार्कवेवर १८९४ साली असाच रस्त्याकडेचा सायकलमार्ग झाला, प्रॉस्पेक्ट पार्कपासून कोनी आयलंडच्या समुद्रकिनाऱ्याकडे. लोकांना आवडलं ते एका हिरव्या जागेतून दुसऱ्या मोकळ्या जागेत न उतरता जाणं.

दुसरं, पाट्या. बेल्जियमच्या लिम्बर्ग प्रांतात १९९५ मध्ये खाणींचे इंजिनिअर ह्यूगो बोलेन यांनी वाटा जिथं मिळतात त्या प्रत्येक जागेला क्रमांक दिले. तुम्ही घरून निघताना चिठ्ठीवर ५, १२, ३१ लिहायचं आणि त्या आकड्यांच्या पाट्या बघत जायचं. गावांची लांबलचक नावं नाहीत, नकाशा उलगडायला नको. तुमच्याकडे चार-पाच क्रमांकांत काम होईल. हे बजेटात बसतं.

फिरस्ता_डायनॅमो
आणि तुकड्यातुकड्यानं करू नका. सेव्हिल शहरानं २००६-०७ मध्ये साधारण ८० किलोमीटरचं जाळं एकदम उभं केलं, म्हणून लोक सायकलीवर आले. ७०० मीटर मार्ग म्हणजे अर्धा जिना.

जाड_टायर
अर्धा जिना, हे भारी. अवांतर: कुणाला माझ्या सायकलचे फोटो हवे असतील तर टाकतो.

दुसरा_गिअर
फोटो नंतर. आज गेटं मोजून आले. दुकानांच्या बाजूला ४३, नाल्याच्या बाजूला ६. खडू संपला, शेवटच्या नऊ खुणा विटेच्या तुकड्यानं केल्या. पट्टीची रुंदी टेपनं मोजली. बहुतेक ठिकाणी ३.५ मीटरच्या वर आहे, पण जुन्या झाडांपाशी बुंधा ते भिंत १.९ मीटर. मुळांनी आताची फरशी हातभर उचललीय.

उजवं_वळण
६ असतील तर शब्द मागे. दुहेरी चालेल. त्या ६ गेटांसमोर मार्गाची पातळी खाली उतरवू नका, गाडीनं चढून यावं. चढताना वेग आपोआप मोडतो.

निवृत्त_रोलर
मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आता ती तीन-चार झाडं काढा आणि सलग ३ मीटर घ्या.

मागची_सीट
झाडं काढून सायकलमार्ग?? ऊन लागलं की कोण येणार त्यावर?

दुसरा_गिअर
मंडळी, आराखडा काल समितीला दिला. इथल्या बहुतेकांना आवडणार नाही, तरी सांगते.

रविवारी सकाळी तासभर पहिल्या बागेसमोरच्या चौकात कर्बवर बसले होते. ६४ सायकली आल्या. त्यातले ५१ जण चौकात सायकलवरून खाली उतरले. नाल्याच्या पट्टीपर्यंत पोचलेले मात्र खडबडीत मातीवरूनही निवांत जात होते. एक मुलगी होती, डाव्या ब्रेकची तार लोंबत असलेली. तिनं पुढचं चाक तीनदा कर्बवरून खाली सोडलं आणि तीनदा मागे ओढलं. मग वळून पुन्हा बागेत गेली.

म्हणून ७०० मीटर पक्का मार्ग करतच नाही. पैसे दोन्ही चौकांत घालतेय. ओलांडायची जागा रस्त्यापेक्षा उचललेली, कर्ब उतरता, दुभाजकावर २.५ मीटर खोल थांबा. नाल्याच्या बाजूच्या सगळ्या जाळ्या, सहा गेटांसमोरचे उंच पट्टे, नकाशा_घडींच्या पाच क्रमांकांच्या पाट्या. उरलेल्या पैशात पट्टीवर बारीक खडीची कच, पाणी मारून रोलरनं दाबलेली. झाडं तिथंच राहतील, त्यांच्यापाशी मार्ग अरुंद होईल आणि एकानं थांबायचं. मुळांवर कचेचा भराव. तोंडाशी खांब नाही.

निवृत्त_रोलर
दोन मोठे पाऊस झाले की कच नाल्यात. मग मला सांगा.

दुसरा_गिअर
उताराचा १२० मीटरचा भाग तेवढा डांबरी आहे काका, तुमच्याच १-२ टक्के आडव्या उतारासकट. बाकी जमीन सपाट आहे.

फिरस्ता_डायनॅमो
म्हणजे मार्गच नाही आणि चौक पक्के. उलटा कारभार.

शटर_अर्धवट
आमच्या बाजूला काही नाही ना? मग छान आहे.

उजवं_वळण
मी मधला भाग आधी पक्का केला असता. पण ५१ हा आकडा खोडता येत नाहीये.

रविवार_स्वार
चांगला उपक्रम. फक्त रुंदी ३ मीटर ठेवा.

पंक्चर_पुराण
ताई, जाळ्या फिरवायला माणसं येतील तेव्हा स्वतः उभ्या राहा आणि प्रत्येक जाळीवर खडूनं बाण काढून द्या. आमच्याकडे तक्रार केल्यावर सगळ्या जाळ्या उचलल्या, साफ केल्या, व्यवस्थित फिरवल्या. पूर्ण अर्धा फेरा. पट्ट्या पुन्हा तशाच उभ्या.

दुसरा_गिअर
खडूचा नवा डबा आणलाय.