जिऑलॉजी करून पूर आणि भूजल, दोन्हींवर सरकारी नोकरी मिळते का?

हरिपूरची
एमएस्सी जिऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर कृष्णा-वारणा संगमाजवळ, त्यामुळे सांगलीच्या आयर्विन पुलाचे पुराचे आकडे लहानपणापासून पाठ: ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला ५७ च्याही वर. मामाचं गाव जत तालुक्यात, तिथं उन्हाळ्यात टँकर. एकाच जिल्ह्यातल्या या दोन्ही गोष्टींवर काम करायचं डोक्यात आहे. अशी नोकरी असते का? परीक्षा कोणती? घरचे म्हणतात पीएसआयची तयारी कर. फील्डवर मुलींना पाठवतात का, तेही सांगा.

तयारीवाला कराड
यूपीएससीची कंबाइन्ड जिओ-सायंटिस्ट बघ. पूर्व, मुख्य, मुलाखत. वय २१ ते ३२, राखीव प्रवर्गांना सवलत. त्यातून केंद्रीय भूजल मंडळात जाता येतं, पोस्टिंग देशात कुठंही. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, म्हणजे जीएसडीए. जाहिरात कधी येईल याचा नेम नाही.

टेप आणि खडू
ताई, भूजलाच्या नोकरीत तीसेक वर्षं काढली, त्यातली बरीच सांगली-साताऱ्यात. आधी हे समजून घे की तू म्हणतेस ती दोन्ही पाणी एका टेबलावर येत नाहीत. नदी मोजणारे वेगळे. कराड, अर्जुनवाड, कुरुंदवाडला केंद्रीय जल आयोगाची केंद्रं आहेत, धरणांचा विसर्ग पाटबंधारेकडे. तिथं बहुतेक सिव्हिलची माणसं. जिऑलॉजीवाल्याच्या वाट्याला जमिनीखालचं. पूर ओसरल्यावर मात्र आम्हालाही बोलावणं येतं, बुडालेल्या विहिरी आणि हातपंपांच्या पाण्यासाठी. आणि तू कुठल्याही खात्यात जा, लग्नात पंगतीला बसलीस की शेजारचा विचारणारच, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं पूर येतो का? २०१९ च्या पुराचा अभ्यास केलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला दोष दिला नाही, एवढं म्हटलंस की जेवण थंड झालंच म्हणून समज.

रोजचं काम म्हणजे निरीक्षण विहिरी. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे, वर्षातून चारदा पाण्याची पातळी मोजायची. दरवर्षी त्याच विहिरी, तेच कठडे. स्टीलच्या टेपला खडू चोळून खाली सोडायचा, वर काढून ओला भाग वाचायचा, सोडलेल्या लांबीतून तो आणि कठड्याची उंची वजा करायची. मालकानं तासाभरापूर्वी मोटर चालवली असेल तर आकडा खोटा, म्हणून ते आधी विचारायचं. ऑक्टोबरची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी लावतात, पाऊस बघतात, आणि कुठल्या गावाला टंचाई येणार याचा अंदाज त्यावरून निघतो. आता स्वयंचलित यंत्रं आहेत. ती बंद पडली की पुन्हा खडूच.

आपल्याकडं सगळा बेसॉल्ट. पुस्तकात थर कसे सरळ काढलेले असतात! जतेत बांधाच्या अलीकडच्या बोअरला पाणी, पलीकडच्याला नुसता फुफाटा. अखंड कातळात पाणी नसतंच. ते मुरमात, भेगांत आणि लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या सांध्यात. जागा दाखवायला गेलं की पाणाड्या तळहातावर नारळ धरून आधीच हजर. त्याच्याशी वाद घालू नको, गाव त्याचं असतं. "इथं बोअर मारू नका" हे सांगणं मला शेवटपर्यंत जड गेलं. कर्ज काढून बसलेला माणूस मान डोलावतो आणि रात्री बोअरची गाडी येतेच.

मुलींना पाठवतात की. आमच्याकडं होत्या. विहीर मोजण्यात कुणाचं काही अडलं नाही. अडतं ते वेळेवर गाडी मिळण्याचं आणि दिवसभर स्वच्छतागृह न मिळण्याचं.

जतचा शेतकरी
साहेब, राग मानू नका. एका शिकलेल्या माणसानं मशीन लावून दाखवलेल्या जागेवर आम्ही पाचशे फूट गेलो, फुफाटाच. पाणाड्यानं सांगितलेल्या जागेवर दोन इंच लागलं. म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी यायला लागल्यापासून मात्र विहिरीचा झरा टिकतोय.

टेप आणि खडू
राग कसला दादा, असं होतं. मशीन खाली कुठला थर असावा एवढंच सांगतं, भेग नेमकी बोअरखाली येईल याची हमी देत नाही. पण पाणाड्याच्या कोरड्या गेलेल्या जागा कुणी वहीत लिहून ठेवतं का? म्हैसाळचं तुमचं बरोबर आहे. कालव्याचं पाणी ओढ्यात, तलावात सुटलं की आसपासच्या विहिरी उचलतात.

ताई, यावरून आठवलं. कृष्णाकाठच्या काळ्या रानात उसाला पाण्यावर पाणी देऊन कितीतरी जमीन क्षारपड झाली. तिथं पाणी इतकं वर आलंय की जमिनीखाली सच्छिद्र पाइप पुरून ते बाहेर काढावं लागतं. नदी, पाटपाणी, भूजल, तिन्ही एकाच रानात. प्रबंधाला पलूस-वाळव्याकडचं एखादं गाव घे. पुरात रान बुडून गेल्यावर पातळी किती दिवस वर राहते एवढं जरी नीट मोजलंस तरी मुलाखतीत बोलायला स्वतःचं काहीतरी असेल. पीएसआयचा फॉर्मही भर, घरचे गप्प बसतील.

हरिपूरची
गाईडना उद्याच विचारते. पलूसला आत्याचं घर आहे, राहायची सोय होईल. टेप कुठला घेऊ?

टेप आणि खडू
हार्डवेअरच्या दुकानात तीस मीटरचा स्टीलचा. कापडी घेऊ नको, भिजला की ताणतो. खडू शाळेतला चालतो. पहिली मोजणी मे संपायच्या आत कर. वळीव दणकून पडला तर उन्हाळ्याची खरी पातळी हुकली, मग पुढच्या वर्षीच.