मायक्रोवेव्हमध्ये चिकनच्या कडा शिजतात, मध्ये बर्फच!

अमळनेरची सून:
काल फजिती झाली. अचानक पाहुणे आले, म्हणून फ्रीजरमधलं अर्धा किलो चिकन पिशवीसकट मायक्रोवेव्हमध्ये टाकलं. फुल पॉवर, सहा मिनिटं. काढलं तर तंगड्यांची टोकं पांढरी पडलेली, पिशवी वितळून चिकटलेली, मधला गोळा दगड. सगळं फेकलं, पाहुण्यांना शेवभाजी वाढली. सासूबाईंचं एकच, "ओट्यावर ठी दे, दोन घंटामा मोकळं व्हई जाई." अहो, पण बाहेर ४४ अंश!

भुसावळचा भाऊ:
ताई, घोळ फुल पॉवरचा. बर्फ मायक्रोवेव्हच्या लहरी फारशा शोषत नाही, पाणी झटकन शोषतं. कडेला जरा पाणी सुटलं की सगळी उष्णता तिथंच जाते. डीफ्रॉस्टला, म्हणजे बर्फ सोडवायच्या सेटिंगला, पॉवर साधारण ३० टक्के असते, बऱ्याच मशिनांत ती चालू-बंद होत राहते. त्या थांब्यात आतपर्यंत ऊब पोचते. पिशवी, थर्माकोलचा ट्रे, फॉइल सगळं काढायचं, काचेच्या भांड्यात दोन-दोन मिनिटं लावायचं, दर वेळी उलटवायचं. सुटलेले तुकडे बाहेर काढत जायचे, नाहीतर तेच आधी शिजतात. शेवटी पाच मिनिटं नुसतं ठेवा.

अमळनेरची सून:
आणि पाहुणे आलेच नाहीत तर परत फ्रीजरला?

भुसावळचा भाऊ:
कच्चं तर अजिबात नाही. मायक्रोवेव्हमध्ये काही भाग कोमट होतोच, आणि ५ ते ६० अंशांत जंतू भराभर वाढतात. लगेच शिजवा, मग रस्सा खुशाल फ्रीजरला टाका. ओट्याचं नावच नको. घाई नसेल तर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खाली ताट ठेवून. नाहीतर घट्ट बंद पिशवी थंड पाण्यात, दर अर्ध्या तासानं पाणी बदलत. पाणी माठातलं घ्या हो, मे महिन्यात आपल्या टाकीचं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं असतं.

यावलकर:
आमच्याकडे हिवाळ्यात कापसाच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचा गर फ्रीजरला असतो. डब्यात गोळा करून ठेवला की हेच रडगाणं. आता पिशवीत भरून बोटभर जाडीचा चपटा थापतो. मायक्रोवेव्ह लागतच नाही, वडीसारखा मोडून थेट कढईत.

अमळनेरची सून:
आज करून पाहिलं. दोन-दोन मिनिटं, चार वेळा. मध्ये थोडा कडकपणा होता, कुकरला दोन शिट्ट्या जास्त दिल्या, मऊ झालं. सासूबाईंनी दोनदा वाढून घेतलं, वर म्हणाल्या, ओट्यावर ठेवलं असतं तर लाइट बिल वाचलं असतं.