माहितीच्या माऱ्यात हरवलेला माणूस कथेत कसा उभा करावा?

प्रश्न (जुळे सोलापूर)
मी सध्या एक कथा लिहितो आहे. नवी पेठेतील कापडाच्या दुकानात काम करणारा तिचा नायक रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईलवर बातम्या, चित्रफिती आणि इतरांची मते पाहत राहतो; एके दिवशी घरच्या एका निर्णयाबद्दल वडील त्याला विचारतात, "तुला काय वाटतं?", आणि आपल्यापाशी स्वतःचे असे उत्तरच नाही, हे त्याला उमगते. हा प्रसंग जमला आहे, परंतु त्याआधीची पाने जमत नाहीत. सगळे संदेश कथेत घातले की वाचक कंटाळतो, गाळले की मारा जाणवत नाही. जाणकारांनी कृपया सुचवावे.

उत्तर (रेल्वे लाइन्स)
अर्जेंटिनाचे लेखक बोर्हेस यांची १९४२ सालची फ्युनेसवरील कथा अवश्य वाचावी. घोड्यावरून पडल्यानंतर इरेनेओ फ्युनेसला काहीच विसरता येत नाही, एक अख्खा दिवस आठवायला त्याला अख्खा दिवस लागतो, आणि आरशातला स्वतःचा चेहरा पाहून तो दर वेळी नव्याने चकित होतो. इतके सगळे लक्षात असलेल्या माणसाला स्वतःचाच चेहरा ओळखीचा वाटू नये, हे मला फार भिडले. लेखकाने मात्र त्याच्या आठवणींचे ढीग रचलेले नाहीत. मोजक्या उदाहरणांतून तो भार आपल्यापर्यंत पोहोचतो.

उत्तर (अशोक चौक)
वरील मताशी सहमत आहे. आमच्या घरी जेकार्डच्या, म्हणजे भोके पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या, मागावर चादरी विणल्या जात. पुठ्ठ्याच्या कार्डाला जिथे भोक असते तिथे सुई आत जाते आणि तिचा हूक उभा धागा उचलतो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. सगळीकडेच भोके पाडली तर काय होईल, असे मी लहानपणी वडिलांना विचारले होते. "सगळे धागे वर जातील, मग नक्षी कुठली?" असे ते म्हणाले. तुमच्या नायकाची नेमकी हीच अवस्था आहे. त्यासाठी शंभर संदेश नकोत. एखादे गिऱ्हाईक दोन चादरी समोर धरून "यातली कुठली बरी?" असे विचारते आणि त्याचा हात नकळत मोबाईलकडे जातो, एवढे पुरे.

उत्तर (होटगी रोड)
सगळा दोष मोबाईलवर टाकू नये, असे मला मनापासून वाटते. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' ही कादंबरी १९६३ साली आली. सांगवीहून पुण्याला शिकायला गेलेल्या पांडुरंग सांगवीकरच्या हाती मोबाईल नव्हता, तरी तो हरवलाच. एक विचारू का? तुमच्या नायकाला वडिलांनी याआधी कधी त्याचे मत विचारले होते का?

प्रश्नकर्ता (जुळे सोलापूर)
सर्वांचे आभार. कथा पुन्हा वाचली; वडिलांनी त्याला याआधी एकदाही विचारलेले नाही, आणि लिहिताना ते माझ्याही लक्षात आले नव्हते. संदेशांची चार पाने मी काढली आहेत. दुकानातील चादरींचा प्रसंग लिहितो आहे, आणि त्या वेळी वडील गल्ल्यावर बसलेले असतील.