व्यायाम सुटला, मग परत धरला: तुमचे अनुभव सांगा

ताकपिता
काल माळा आवरताना ट्रेकचे बूट सापडले. २०१९ च्या दिवाळीनंतर पायात घातलेच नव्हते. तेव्हा दर रविवारी सिंहगड, आतकरवाडीतून पुणे दरवाजा ४२ मिनिटांत. वेळ वहीत लिहायचो आणि ऑफिसात ऐकणाऱ्याला, न ऐकणाऱ्याला सगळ्यांना सांगायचो. मग लॉकडाऊन, मग बाबांचं आजारपण, मग नुसतंच 'पुढच्या रविवारी नक्की'.

आज बूट चढवले नि गेलो. दहाव्या मिनिटाला छातीचा भाता. डोक्यावर ताकाची बरणी घेतलेल्या एक आजी मला मागे टाकून गेल्या, वर "बसा जरा दादा" म्हणाल्या. तिसऱ्या टपरीशी उजव्या बुटाचा तळवा सुटून कुत्र्याच्या जिभेसारखा लोंबायला लागला. टपरीवाल्याने सुतळी दिली, ती करकचून बांधली नि वर पोचलो. १ तास ३५ मिनिटं. आत्ता भिंत धरून जिना उतरतोय.

किती सुट्टीनंतर किती खाली आलात, परत कसे चढलात? ज्ञान नको, अनुभव द्या. (थोडं ज्ञान चालेल.)

भाजणीची_चकली
आजींनी दादा म्हटलं, काका नाही. जिंकलात.

उगाचच
रथसप्तमीला सोसायटीत १०८ सूर्यनमस्कार घालायचे ठरले. मागच्या वर्षी घातले होते, मधे वर्षभर एकही नाही. घातले की हो सगळे! दुसऱ्या दिवशी हात खांद्याच्या वर जाईनात. बायकोने केस विंचरून दिले, शर्ट घातला, फोटोही काढला. फोटो सासरच्या ग्रुपवर गेलाय.

तांबडी_माती
कोल्हापूरचा हाय. तालमीत पाच वर्षं होतो, सकाळी पाचशे बैठका, जोर वेगळे. मग पिंपरीत नोकरी लागली. मेहनत सुटली, खुराक काय सुटला नाही. ७८ चा ९६ झालो. गेल्या वर्षी गावी आलो तवा वस्ताद म्हणाले, "पयल्या दिवशी पन्नास. एक जरी जादा मारलीस तर उद्या यायचं न्हाई." आपण काय ऐकतोय व्हय? घरी येऊन गपचूप दोनशे मारल्या, पन्नासात काय होतंय म्हणून. दुसऱ्या दिवशी मांड्या दगड, तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी. घाबरून आईला सांगितलं, तिनं वस्तादांना सांगितलं. दवाखान्यात दोन दिवस सलाईन. त्यानंतर वस्ताद स्वतः मोजायला बसायचे.

फिजिओ_पण_आळशी
तांबडी_माती, दवाखान्यात गेलात हे फार बरं केलंत. स्नायू फाटून त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं, त्याने मूत्रपिंड बंद पडू शकतं. जुने खेळाडू यात जास्त सापडतात, कारण मनाला जुना आकडा पाठ असतो. कुणालाही व्यायामानंतर असा रंग दिसला तर लगेच डॉक्टर गाठा, लिंबूपाणी पीत बसू नका.

थोडं ज्ञान चालेल म्हणालात म्हणून: दम सगळ्यात आधी जातो. व्यायाम थांबला की काही दिवसांतच रक्तातला पाण्याचा भाग कमी होतो, हृदय एका ठोक्याला कमी रक्त ढकलतं. १९८४ चा एक अभ्यास आहे, सात तयारीच्या खेळाडूंना १२ आठवडे बसवून ठेवलं. शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता तीन आठवड्यांत ७ टक्के घसरली, आठ आठवड्यांत १६ टक्के, मग घसरण थांबली. ताकद त्या मानाने टिकते, तीन-चार आठवडे फारसा फरक कळत नाही. परत सुरू केल्यावरही गेलेला दम लवकर भरून येतो. गोची तिथेच आहे. दम आला की माणसाला वाटतं झालं, आपण पूर्वीसारखे. पण स्नायूबंध आणि सांधे मागे रेंगाळलेले असतात. माझ्याकडे गुडघा किंवा टाच घेऊन येणारे बहुतेक जण पुन्हा सुरू केल्याच्या दुसऱ्या महिन्यातले. पहिल्या आठवड्यात कुणी येत नाही, तेव्हा सगळे नम्र असतात.

मी स्वतः आठ महिने पळालेले नाही. विचारू नका.

नाचणी
माझी 'सुट्टी' नव्हती हो, बाळंतपण होतं. सिझर. आधी दहा किमी पळायचे. दीड महिन्याने डॉक्टरांनी चालायला हो म्हटलं, तर जिममधल्या मुलीने तिसऱ्याच दिवशी उड्या मारायला लावल्या. घरी आले ती पँट बदलायलाच. खोकलं तरी तेच व्हायचं. हे कुणी आधी सांगत नाही, सगळ्याजणी गुपचूप पॅड लावून फिरतात. मग ओटीपोटाचे व्यायाम शिकवणारी एक बाई मिळाली. दोन महिने फक्त श्वास आणि आवळून धरणं. पाचव्या महिन्यात पळायला सुरुवात, आमच्या गल्लीत: दोन खांब चालायचं, एक खांब पळायचं. समोरचे काका गॅलरीतून मोजायचे. आता मुलगी तीन वर्षांची आहे, दहा किमी झाले परत, पण जुन्यापेक्षा सात मिनिटं जास्त. आणि आईचे डिंकाचे लाडू अजून चालूच आहेत.

भाजणीची_चकली
नाचणी, मिठी. पँटीचं लिहिलंस ते फार बरं केलंस. लाडवात खारीक पूड घालतेस की तुकडे?

नाचणी
पूड. डिंक मात्र तुपात नीट फुलवायचा, कच्चा राहिला की दाताला चिकटतो.

बोहारीण
प्लास्टर निघालं तेव्हा शिंप्याची टेप आणून दोन्ही मांड्या मोजल्या. सहा आठवड्यांत डावी चार सेंटिमीटरने बारीक. पाय माझा वाटेचना. वर्ष लागलं.

पर्वतीचा_बाक
वय ६७. पर्वतीच्या १०३ पायऱ्या गेली वीस वर्षं रोज. २०२४ च्या पावसाळ्यात चिकुनगुनिया झाला, बोटं सुद्धा मिटेनात, चहाचा कप दोन हातांनी धरायचो. चार महिन्यांनी गेलो. पहिल्या दिवशी वीस पायऱ्या चढलो आणि मान खाली घालून उतरलो, कोणी ओळखीचं दिसू नये म्हणून. पण आमची मंडळी वरच्या बाकावर बसतात, त्यांना सगळं दिसतं. दुसऱ्या दिवशी त्यातले दोघे खाली येऊन विसाव्या पायरीवर बसलेले. थर्मास घेऊन. आठवड्याला दहा पायऱ्या वाढवल्या, तशी त्यांची बैठकही वर सरकत गेली. एकाला संधिवात आहे, तो म्हणे मलाही हेच झेपतंय. दोन महिन्यांनी वर देवदेवेश्वरापाशी पोचलो तेव्हा कुणी काही बोललं नाही, फक्त चहात साखर जास्त होती.

उगाचच
काका, डोळ्यांत पाणी आणलंत सकाळी सकाळी. लोकलमध्ये उभा आहे.

फिजिओ_पण_आळशी
काकांनी जे केलं तेच मी पैसे घेऊन सांगते. वयस्कांना अंथरुणाला खिळून ठेवू नका हो. १९६६ मध्ये डॅलसला विशीतल्या पाच मुलांना तीन आठवडे नुसतं झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्यांनाच पुन्हा तपासलं, तर तीस वर्षांच्या वयवाढीपेक्षा त्या तीन आठवड्यांनी दम जास्त खाल्ला होता. मग सत्तरीतल्या माणसाचं काय होत असेल.

हिमवाट
इकडे टोरांटोला बर्फ आहे, सुट्टी आपोआपच. नोव्हेंबरात बूट फडताळात ठेवले की एप्रिल. दरवर्षी शून्यापासून, आता त्याचंही काही वाटत नाही. सिंहगडाचं ताक मात्र फार आठवतं. केवढ्याला मिळतं आता?

ताकपिता
ताकाचे पैसे त्या आजींनी घेतलेच नाहीत, "आधी दम घ्या" म्हणाल्या. त्यामुळे भाव माहीत नाही :)

जुनी_कातडी
बुटाचं कुणी बोललंच नाही. तळव्यातला फोम दमट हवेत नुसता पडून राहिला की आपोआप कुजतो. वापरात असला की उलट टिकतो. चार-पाच वर्षं माळ्यावर पडलेला बूट डोंगरावर नेऊ नये. डावाही जाणार बघा.

ताकपिता
डावा पार्किंगमध्येच गेला.

तांबडी_माती
सुतळी परत दिली का टपरीवाल्याला?

ताकपिता
नाही की! रविवारी सहाला जातोय, चपला घालून. अर्ध्यापर्यंतच.

उगाचच
मी पण येतो. हात वर करायला लागणार नाही ना?