मदत हवी आहे: पुणे ते गोवा सायकल, गुहागरला अडकलोय, पुढचा प्लॅन कसा बदलू?

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुका पोटात घाला.

मी आणि नवरा, दोघंही पन्नाशीच्या आसपास, पुण्याहून ताम्हिणीमार्गे किनाऱ्याने गोव्यापर्यंत सायकलवर निघालोय. नऊ दिवसांचा प्लॅन होता. पहिला मुक्काम माणगाव, मग हरिहरेश्वर, बागमांडला वेश्वी बोटीने पलीकडे, केळशी आंजर्ले करत हर्णै, तिथून दाभोळ धोपावे बोट आणि चौथ्या रात्री गुहागर. इथवर वेळेत आलो. काल पाचव्या दिवशी तवसाळहून बोटीने जयगडला उतरून गणपतीपुळं गाठायचं होतं, पण दाभोळच्या आधीपासूनच नवऱ्याचा उजवा गुडघा बोलायला लागला होता आणि काल सकाळी जिना उतरतानाच चेहरा बघितला तेव्हा मी म्हटलं आज कुठ्ठे जायचं नाही. दिवसभर व्याडेश्वर, समुद्र आणि बर्फाची पिशवी. आजही तोच कार्यक्रम.

ज्यांनी हा रस्ता केलाय त्यांना माहितीच आहे, नकाशात समुद्रकिनारा दिसतो म्हणून सपाट वाटतं पण तसं काही नाहीये. सावित्री झाली, वाशिष्ठी झाली, आता शास्त्री, प्रत्येक खाडीला जेटीपर्यंत सुसाट उतरायचं आणि पलीकडे लगेच छातीवर येणारा चढ, तोही बोटीत बसून पाय गार पडल्यावर. वर सामान. ताम्हिणीत काही झालं नाही हो, इथं या छोट्या छोट्या चढांनी वाट लावली.

तर हिशोब असा की दोन दिवस गेले, मालवणला दोन रात्रींचा ॲडव्हान्स भरलाय आणि सोमवारी मला ऑफिसला हजर व्हायचंच आहे. डोक्यात तीन गोष्टी आहेत. एक म्हणजे इथून पिकअप करून चिपळूण (४५ किमी आहे), तिथून कोकण रेल्वेने कुडाळ आणि मग मालवण तीसेक किमी हळूहळू चालवत, म्हणजे मधलं सगळं, आरे वारे, विजयदुर्ग, देवगड गेलंच. दुसरं, त्याने गाडीने पुढे जायचं आणि मी एकटीने चालवायचं, संध्याकाळी भेटायचं. तिसरं, रत्नागिरीला गुंडाळायचं आणि बसने घरी. नवऱ्याला चौथा पर्याय हवाय, तो म्हणजे गोळी घेऊन चालवायचं. "सलग केलं नाही तर काय अर्थ" हे त्याचं पालुपद. याच्यावर कुणाकडे औषध असेल तर तेही सांगा.

विचारायचंय ते हे की चिपळूणला सायकली पार्सलला घेतात का, त्याच गाडीने येतात का, आणि गुडघ्याचं असं झाल्यावर दोन दिवसांच्या आरामाने कुणाचं खरंच भागलंय का?

प्रतिसाद: ताई, आधी सांगा दुखतंय कुठे? वाटीच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली असते नाहीतर माणूस जड गिअरवर रेटत असतो. मागच्या बाजूला असेल तर सीट जास्त वर. प्रवासात सीटला कुणी हात लावला होता का? सूज असेल किंवा गुडघा मध्येच अडकत असेल तर मात्र हे सगळं सोडा आणि डॉक्टरला दाखवा. आणि गोळी खाऊन चालवणं नकोच, दुखणं कळत नाही आणि माणूस अजून रेटतो.

प्रतिसाद: रेल्वेचं सांगतो. तिकीट दाखवून पार्सल ऑफिसात लगेज म्हणून बुक करायची, ती ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात जाते. जागा नसली तर मागच्या गाडीने येते, तेव्हा मालवणला वेळेत पोचायचंय तर भरवसा ठेवू नका. दोनतीन मिनिटांच्या थांब्यात चढवणं उतरवणं हाही ताप असतो. दोन तास आधी जा, दिवे, बाटल्या, पाऊच काढून ठेवा, नाव नंबर लिहून पुठ्ठा बांधा. मी असतो तर सरळ बोलेरो पिकअप ठरवली असती, ती तवसाळच्या बोटीतही चढते. पैसे जातील पण सायकल डोळ्यांसमोर राहते.

मूळ धागाकर्ती: दोघांचेही खूप आभार. दुखतंय पुढेच, सूज नाही. आणि सीटचं वाचल्यावर डोक्यात लख्ख प्रकाश पडला! हरिहरेश्वरला पोचायच्या आधी श्रीवर्धनमध्ये सीटमधून कुईकुई आवाज येत होता म्हणून एका दुकानात दांडी काढून ग्रीस लावून घेतलं होतं, आणि परत बसवली ती अंदाजाने. आत्ता जाऊन बघितलं, दांडीवरची जुनी खूण चक्क दोन बोटं आत गेलीये. अडीच दिवस तसाच चालवत होता बाबा, आणि शिव्या कोकणातल्या चढांना.

सीट वर केली, पण लगेच चालवू देणार नाहीये. ठरलं असं की रेल्वे कॅन्सल. उद्या पिकअपने तो सामानासकट गणपतीपुळ्याला, मी हलक्या सायकलवर मागून. तिथून पुढे दुखलं नाही तर रत्नागिरीपर्यंत आरे वारेचा तुकडा दोघं मिळून, मग परत गाडी करून थेट मालवण. गोवा यंदा नाही, वेंगुर्ल्यापर्यंत जमलं तर बघू आणि सावंतवाडीहून बसने परत. सलगचा विषय मी काढलेला नाही, त्यानेही अजून काढलेला नाही.

आता फक्त एवढं सांगा, वेळणेश्वर हेदवी ते तवसाळ रस्ता सध्या कसा आहे आणि सकाळी सातच्या सुमारास एकटीला बरा वाटेल का? हल्लीच कुणी गेलं असेल तर प्लीज आज रात्रीच लिहा, साडेपाचला उठायचंय.